जन्मकथा कुठे ठेवायची? सुपरहीरोपटांच्या अंकरचनेचा इतिहास

पटकथेतला अंक प्रेक्षकाला दिसत नाही. नाटकात अंक संपला की पडदा पडतो आणि प्रेक्षागृहातले दिवे लागतात. चित्रपट सलग चालत राहतो, त्यामुळे तिथला अंक लेखकाच्या कागदावरच राहतो. कथेच्या ज्या टप्प्याअखेर मुख्य पात्राला आधीच्या आयुष्यात परतणे अशक्य होते, तो टप्पा म्हणजे पटकथेतला अंक. परतीचा रस्ता कधी एखाद्या संकटामुळे बंद होतो, तर कधी पात्र स्वतःच्या निर्णयाने तो बंद करून घेते. दुसरा प्रकार नेहमीच अधिक बळकट ठरतो. सुपरहीरोपटाच्या लेखकापुढे यात आणखी एक अडचण असते. साधा माणूस असामान्य कसा झाला ही जन्मकथा सांगावी लागते, आणि ती बहुधा पुढच्या लढाईपेक्षा जास्त रंजक असते. ती किती लांबवायची आणि कोणत्या अंकात ठेवायची, या प्रश्नाची वेळोवेळी जी उत्तरे दिली गेली त्यांतून या चित्रप्रकाराची रचना घडली.

तीन अंकांचे श्रेय सर्रास ॲरिस्टॉटलला दिले जाते, ते बरोबर नाही. कथेला आरंभ, मध्य आणि अंत असावा एवढेच त्याने म्हटले. अंकांची संख्या सांगितली नाही. रोमन कवी होरेसने पाच अंकांचा आग्रह धरला. जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटाग याने १८६३ साली नाटकाची चढण, शिखर आणि उतरण पाच भागांत मांडली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले संधीही पाचच आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. तीन हा आकडा रंगभूमीवर रुळला तो बराच नंतर, आणि चित्रपटाच्या पाठ्यपुस्तकांत त्याला नियमाचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत.

सुपरहीरो जन्मला तेव्हा त्याला अंक नव्हतेच. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. त्याची जन्मकथा एका पानात आटोपली आणि दुसऱ्या पानापासून तो कामाला लागला. बॅटमॅन मे १९३९ मध्ये अवतरला, पण त्याच्या आईवडिलांचा खून वाचकांना कळला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, तोही दोन पानांत. मासिकाला दर महिन्याला नवे साहस हवे होते. नायक बदलला, थकला किंवा सुखाने घरी बसला तर पुढचा अंक विकणार कसा? म्हणून नायक जागेवरच राहायचा आणि संकटे बदलायची. अंकरचनेला हवा असलेला परत न फिरता येणारा बदल या धंद्याला परवडणाराच नव्हता.

पडद्यावरही सुरुवात तशीच झाली. रिपब्लिक कंपनीची ‘ॲडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’ ही १९४१ ची चित्रमालिका बारा भागांची होती. दर आठवड्याला मुख्य चित्रपटाआधी एक भाग दाखवला जाई. बिली बॅटसनला शक्ती मिळते ती पहिल्याच भागात, सयाममधल्या एका प्राचीन थडग्यात. त्यानंतर प्रत्येक भागाच्या शेवटी कुणाचा तरी जीव धोक्यात येतो आणि पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात तो सुटतो. विंचवाचा मुखवटा घातलेला खलनायक कोण, हे मात्र शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवलेले असते. कोलंबिया कंपनीच्या ‘बॅटमॅन’ (१९४३) आणि ‘सुपरमॅन’ (१९४८) या मालिका पंधरा-पंधरा भागांच्या होत्या. १९६६ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘बॅटमॅन’नेही हीच युक्ती वापरली : बुधवारी नायक सापळ्यात अडकायचा, गुरुवारी सुटायचा. या कथांना कळस पुष्कळ होते, पण त्या कळसांतून नायकाच्या आयुष्यात काही बदलत नव्हते.

हे चित्र १९७८ च्या ‘सुपरमॅन’ने पालटले. रिचर्ड डॉनर दिग्दर्शित या चित्रपटाची पटकथा मारिओ पुझो, डेव्हिड न्यूमन, लेस्ली न्यूमन आणि रॉबर्ट बेंटन यांच्या नावावर आहे. टॉम मँकिएविट्झ यांनी तिचे मोठ्या प्रमाणावर पुनर्लेखन केले. कॉमिकमधली एका पानाची जन्मकथा इथे पहिला तास व्यापते. क्रिप्टॉन ग्रहाचा नाश, कॅन्ससच्या शेतातले बालपण, बर्फातला एकांतवास हे सगळे उरकल्यावर मेट्रोपोलिस शहर येते. लोंबकळणाऱ्या हेलिकॉप्टरमधून पडलेल्या वार्ताहर लोइस लेनला झेलणारा सुपरमॅन शहराला प्रथम दिसतो, तोवर तास उलटून गेलेला असतो. एवढा उशीर प्रेक्षकाने सहन केला, कारण त्या तासात पुढच्या दोन गोष्टींची बीजे पेरलेली होती. पाळक वडील हृदयविकाराने कोसळतात तेव्हा, एवढी शक्ती असूनही आपण त्यांना वाचवू शकलो नाही, हे तरुण क्लार्कला, म्हणजे भावी सुपरमॅनला, उमगते. जन्मदाता जोर-एल त्याला मानवाच्या इतिहासात ढवळाढवळ करण्याची मनाई करतो.

तिसऱ्या अंकात दोन्ही बीजे एकमेकांवर आदळतात. खलनायक लेक्स लूथर दोन क्षेपणास्त्रे सोडतो : एक कॅलिफोर्नियातल्या भूकंपप्रवण भेगेकडे, दुसरे न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅककडे. लूथरने अडकवलेल्या सुपरमॅनची सुटका लूथरचीच साथीदार करते, पण तिची आई हॅकेनसॅकला राहते, म्हणून ते क्षेपणास्त्र आधी अडवण्याचे वचन ती त्याच्याकडून घेते. तो वचन पाळतो आणि तेवढ्या वेळात लोइस जमिनीच्या भेगेत गाडली जाते. वडिलांच्या वेळची हतबलता पुन्हा समोर उभी राहते. या वेळी तो जन्मदात्याची मनाई मोडतो आणि काळ मागे फिरवतो. हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेला होता. दोन्ही चित्रपटांचे चित्रीकरण बरोबरीने चालले होते. पहिला वेळेत पुरा करण्यासाठी दुसऱ्याचे काम थांबवले गेले आणि ही कल्पना पुढे आणली गेली. काळ उलटा फिरवणे ही सोपी पळवाट आहे, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि तर्काच्या दृष्टीने ती योग्यही आहे. रचनेच्या दृष्टीने मात्र या चित्रपटाने मोठी गोष्ट साधली. सुपरहीरोला काय करता येते यापेक्षा तो काय निवडतो हे महत्त्वाचे असते, हे त्याने पडद्यावर पहिल्यांदा ठसवले.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, सिड फील्ड यांचे ‘स्क्रीनप्ले’ हे पुस्तक आले. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट हे गणित धरून त्यांनी १२० पानांची वाटणी केली : मांडणीला तीस, संघर्षाला साठ आणि निराकरणाला तीस. पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटाजवळ एकेक कलाटणी हवी. हॉलिवूडच्या कचेऱ्यांत ही वाटणी झपाट्याने रुजली, कारण पटकथा वाचणाऱ्याला पाने मोजून मत देण्याची सोय झाली. तिची कमकुवत बाजू मधल्या साठ पानांत होती. तिथे संघर्ष हवा एवढे सांगून काय लिहायचे ते कळत नाही. फील्ड यांनी नंतरच्या लेखनात बरोबर मध्यावर आणखी एक वळण घालून ही पोकळी भरली. चित्रपट-अभ्यासक क्रिस्टिन थॉम्पसन यांनी १९९९ साली याहून मुळाशी जाणारी दुरुस्ती सुचवली. त्यांच्या मते हॉलिवूडचा मुख्य प्रवाहातला चित्रपट पंचवीस-तीस मिनिटांच्या चार भागांत चालतो : मांडणी, गुंतागुंत, विकास आणि कळस. सुपरहीरोपटांना हे चार भागांचे मोजमाप अधिक नीट बसते.

दुसरा प्रवाह पुराणकथांकडून आला. जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली जगभरच्या वीरकथांमधून एक समान प्रवास शोधला होता. क्रिस्टोफर व्होगलर यांनी ऐंशीच्या दशकात डिस्नेमध्ये असताना त्याचे सात पानी टिपण केले आणि पुढे त्याचे पुस्तक झाले. हाक, नकार, गुरू, उंबरठा, मरणप्राय कसोटी आणि परतणे ही भाषा निर्मात्यांच्या तोंडी बसली. २००५ मध्ये ब्लेक स्नायडर यांनी पंधरा टप्प्यांचा तक्ता दिला आणि सुपरहीरोला स्वतंत्र कथाप्रकार मानले. ही साधने उपयोगी असली तरी त्यांनी जन्मकथेची पकड घट्ट केली. हाक आणि नकार दाखवायचे तर नायक अजून नायक झालेला नसला पाहिजे, म्हणजे प्रत्येक चित्रपट पुन्हा पहिल्यापासून सुरू.

टिम बर्टन यांचा ‘बॅटमॅन’ (१९८९) या वाटेने गेला नाही. सुरुवातीला एक कुटुंब थिएटरबाहेर पडून अंधाऱ्या गल्लीत शिरते आणि लुटले जाते. कॉमिकच्या वाचकाला वाटते, हीच ती बॅटमॅनच्या, म्हणजे ब्रूस वेनच्या, आईवडिलांच्या खुनाची रात्र. पण ते भलतेच लोक असतात आणि बॅटमॅन छपरावर आधीपासून हजर असतो. पहिल्या अंकात जन्म होतो तो खलनायकाचा : गुंड जॅक नेपियर रसायनाच्या हौदात पडतो आणि जोकर होऊन बाहेर येतो. ब्रूस वेनची जन्मकथा उत्तरार्धात आठवण म्हणून येते आणि तिथे कळते की त्याच्या आईवडिलांना मारणारा हाच होता. जन्मकथा इथे रहस्याचे काम करते. तिसऱ्या अंकात मात्र हा चित्रपट लडखडतो. सॅम हॅम यांची पटकथा १९८८ च्या लेखक-संपात अडकली, पुनर्लेखन इतरांनी केले आणि चर्चच्या मनोऱ्यावरचा कळस चित्रीकरण चालू असताना बदलत राहिला. जोकर तो मनोरा का चढतो, याला कथेत पटणारे कारण सापडत नाही.

पाठ्यपुस्तकी तीन अंकांचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे सॅम रेमी दिग्दर्शित आणि डेव्हिड केप लिखित ‘स्पायडर-मॅन’ (२००२). मूळ कॉमिकमध्ये, म्हणजे ऑगस्ट १९६२ च्या अंकात, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी ही कथा अकरा पानांत पुरी केली होती आणि तिच्यात पहिला अंक अख्खा तयार होता. चित्रपटात कोळी चावून शक्ती मिळालेला पीटर पार्कर कुस्तीच्या आखाड्यात तीन मिनिटे टिकल्यास तीन हजार डॉलर मिळतील या आशेने उतरतो. तो दोनच मिनिटांत जिंकतो म्हणून आयोजक त्याच्या हातावर शंभर डॉलर टेकवतो. थोड्याच वेळात त्या आयोजकाला लुटून चोर पळतो, तेव्हा पीटर बाजूला होऊन त्याला वाट देतो. त्याच चोरापायी बेन काकांचा जीव जातो. कोळी चावणे हा अपघात होता. चोराला वाट देणे हा निर्णय होता. पहिला अंक त्या निर्णयाच्या फळाने संपतो, चाव्याने नाही. नक्कल करणाऱ्या अनेकांनी चावा उचलला आणि निर्णय मागे सोडला.

दुसऱ्या भागात (२००४) जन्मकथेचे ओझे नव्हते, आणि दुसरा अंक काय करू शकतो ते तिथे दिसले. आल्विन सार्जंट यांच्या पटकथेत पीटरची शक्ती आटत जाते. नोकरी, शिक्षण, आवडती मुलगी मेरी जेन सगळे हातचे सुटत असते. मध्याच्या सुमारास तो पोशाख गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जातो; हे दृश्य १९६७ च्या पन्नासाव्या कॉमिकवरून घेतले आहे. त्यानंतर चित्रपट घाई करत नाही. पीटर वर्गात उत्तरे देतो, मेरी जेनचे नाटक बघतो आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मे काकूला खरे सांगतो, की काकांच्या मृत्यूला आपण कारणीभूत आहोत. ती हात सोडवून घेते आणि उठून वर निघून जाते. या प्रसंगात कसलाही चमत्कार नाही, तरी नायकाने पुढे परत येण्याची किंमत इथेच ठरते. कळसही त्याला साजेसा आहे : पीटर मुखवटा काढून खलनायक डॉक्टर ऑक्टेव्हियसशी बोलतो आणि तो आपले यंत्र स्वतःच नदीत बुडवतो.

क्रिस्टोफर नोलन यांनी ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये (२००५) जन्मकथा तुकड्या-तुकड्यांनी मागेपुढे करून सांगितली, बॅटमॅन पूर्ण वेशात दिसायला जवळपास तास लागतो. ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) तीन अंकांचा साचा ताणून जवळजवळ मोडला. चित्रपटाच्या मध्यावर जोकर पकडला जातो, पोलीस अधिकारी गॉर्डनला बढती मिळते, सगळे आटोपल्यासारखे वाटते. मग कळते की ब्रूसची मैत्रीण रेचल आणि सरकारी वकील हार्वी डेंट दोघे बेपत्ता आहेत. जोकर पत्ते उलटे सांगतो. बॅटमॅन रेचलला वाचवायला जातो आणि त्याला डेंट सापडतो. एका साध्या खोटेपणाने नायकाची निवड उलटी पाडणारी ही कलाटणी या चित्रप्रकारात आजही अव्वल आहे. पुढे दोन कळस येतात, आधी बोटींवरच्या नागरिकांचा आणि मग डेंटचा. खरा पराभव दुसऱ्यात आहे. अनेक अभ्यासक या चित्रपटाला पाच अंकी शोकांतिका म्हणून वाचतात, ते पटण्यासारखे आहे.

त्याच वर्षीच्या ‘आयर्न मॅन’ने वेगळी घडी बसवली. पहिला अंक गुहेत : नायक टोनी स्टार्कच्या छातीत विद्युतचुंबक, सोबतीला सहकैदी यिन्सेन, भंगारातून घडवलेले चिलखत. तिसऱ्या अंकात नायकासमोर त्याच्याच चिलखताची मोठी आवृत्ती उभी राहते. स्वतःच्याच प्रतिबिंबाशी झुंज ही योजना पुढे ‘द इन्क्रेडिबल हल्क’, ‘अँट-मॅन’, ‘ब्लॅक पँथर’ अशी फिरत राहिली. ‘द ॲव्हेंजर्स’ने (२०१२) संघाच्या कथेला अंक दिले : जमवाजमव, आपसातले भांडण, मग एकजूट. एजंट कोल्सनचा मृत्यू दुसऱ्या अंकाचा तळ आहे. संघ जमवणारा निक फ्युरी त्याच्या संग्रहातली रक्ताने माखलेली कार्डे टेबलावर टाकतो आणि विखुरलेल्या नायकांना हलवतो. ती कार्डे कोल्सनच्या खिशात नव्हतीच, लॉकरमध्ये होती, हे सहकारी मारिया हिल लगेच बोलून दाखवते.

‘द ॲव्हेंजर्स’मधल्या न्यूयॉर्कवरच्या शेवटच्या युद्धाने एक पायंडा पाडला. पुढची काही वर्षे आकाशात उघडणारे छिद्र, उसळणारा प्रकाशझोत आणि कोसळत्या इमारती हाच तिसरा अंक झाला. याचे कारण लेखकांच्या आळसापेक्षा निर्मितीच्या वेळापत्रकात अधिक आहे. प्रदर्शनाची तारीख आधी जाहीर होते, संगणकीय दृश्यांना कित्येक महिने लागतात. त्यामुळे मोठ्या लढायांचा आराखडा पटकथा पक्की होण्याआधीच तयार होऊ लागतो. दुसऱ्या अंकात पात्र बदलले तरी तिसऱ्या अंकाला त्याप्रमाणे बदलण्याची मुभा उरत नाही. ‘वंडर वूमन’ (२०१७) मध्ये नायिका खंदकातून वर येऊन एकटीच रणभूमी पार करते, तो मधला प्रसंग सगळ्यांच्या लक्षात आहे. शेवटची देवाशी झुंज त्या तुलनेत कुणी आठवत नाही.

या साच्यातून बाहेर पडण्याची दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत. ‘डॉक्टर स्ट्रेंज’ (२०१६) मध्ये नायक काळाच्या फेऱ्यात स्वतःला अडकवून घेतो आणि पुन्हा पुन्हा मरून शत्रूला वाटाघाटीला भाग पाडतो. त्याच वर्षीच्या ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’मध्ये क्रिस्टोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली यांनी विमानतळावरची भव्य लढाई शेवटी न ठेवता आधीच उरकली. सैबेरियाच्या तळावर पाच महासैनिकांशी सामना होणार अशी अपेक्षा वाढवत नेली आणि प्रत्यक्षात ते पाचही जण आपापल्या कप्प्यांत गोळ्या घालून मारलेले निघतात. उरते १९९१ ची एक चित्रफीत, तिच्यात टोनी स्टार्कच्या आईवडिलांचा खून, आणि बंद खोलीत तीन माणसे. कळस लहान केल्याने तो किती धारदार होतो, याचा हा धडा आहे.

त्याच जोडीने ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) अंकरचना खलनायकाकडे सोपवली. ध्येय थानोसचे, अडथळे थानोसचे, व्होर्मिर ग्रहावर मुलीचा बळी देण्याचा निर्णय त्याचा आणि शेवटी सूर्योदय बघत बसण्याचे समाधानही त्याचेच. ‘एंडगेम’ (२०१९) १८१ मिनिटांचा असून पहिल्या वीसेक मिनिटांत थानोसचे मुंडके उडते, तरी त्याने नाहीसे केलेले कुणीच परत येत नाही. मग पाच वर्षे पुढे. पहिला तास शोकाचा, दुसरा काळप्रवासातल्या चोरीचा, तिसरा युद्धाचा. एवढ्या खर्चाच्या चित्रपटात शोकाला तासभर देणे हे धाडस होते आणि तिसऱ्या तासाचे वजन त्या पहिल्या तासातूनच येते.

भारतात हे चित्रपट आणखी एका कात्रीतून जातात. मुंबई-पुण्याच्या चित्रपटगृहांत हॉलिवूडपटालाही मध्यंतर असते आणि ते लेखकाने न ठरवलेल्या जागी पडते. भारतीय लेखक मात्र कथेची वाटणीच पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी करतात. मराठी रंगभूमीही तीन अंकांवरून दोन अंकांवर आली आणि तिथेही एकच मध्यंतर उरले. फील्ड यांना मागाहून जोडावे लागलेले मधले वळण इथे आधीपासून सक्तीचे होते. ‘क्रिश’ (२००६) पूर्वार्ध डोंगरातल्या प्रेमकथेला देतो आणि मुखवटा सिंगापूरच्या सर्कशीला आग लागते तेव्हा चढतो. मल्याळम ‘मिन्नल मुरली’ (२०२१) ची पटकथा अधिक विचारी आहे : एकाच विजेने दोघांना शक्ती मिळते आणि नायक-खलनायकांच्या जन्मकथा बरोबरीने चालतात.

जेम्स गन यांच्या ‘सुपरमॅन’ने (२०२५) जन्मकथेचा पहिल्या अंकातला मुक्काम हलवला. १९७८ मध्ये जिला तास लागला होता ती सुरुवातीच्या काही लिखित ओळींत संपते आणि नायक पहिल्याच दृश्यात हरून बर्फात कोसळतो. क्रिप्टॉनवरच्या आईवडिलांच्या संदेशाचा अर्धा भाग खराब झालेला असतो. लूथर तो दुरुस्त करवून जगाला ऐकवतो : मुलाने पृथ्वीवर राज्य करावे, असे त्यांनी सांगितलेले असते. सुपरमॅनला स्वतःविषयी जे ठाऊक होते तेच उलटते आणि लोक त्याच्यावर उठतात. ज्या कथेने पहिला अंक अडवून ठेवला होता, ती इथे दुसऱ्या अंकाची कलाटणी झाली आहे. आणि पुढे कोण व्हायचे, हे सुपरमॅनला नव्याने ठरवावे लागते.